आकाशचिन्हे: विजेचे जाहिरातफलक आणि त्यांचे कायदे

पुणे महानगरपालिकेत ‘आकाशचिन्ह व परवाना’ नावाचा एक विभाग आहे. चौकातली होर्डिंगे, दुकानांवरच्या झगमगत्या पाट्या, इमारतींवर बसवलेले एलईडी पडदे यांचे परवाने याच विभागाच्या अखत्यारीत येतात. ‘आकाशचिन्ह’ हे ‘स्काय साइन’ या इंग्रजी शब्दाचे भाषांतर. घराघरांत वीज पोचण्याआधीच्या लंडनमध्ये हा शब्द कायद्यात दाखल झाला आणि ब्रिटिश राजवटीतील पालिका कायद्यांबरोबर मुंबई इलाख्यात आला. त्यानंतरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत जाहिरातीचा फलक लाकडी अक्षरांपासून काचेच्या बल्बपर्यंत, बल्बपासून निऑनच्या नळीपर्यंत आणि नळीपासून एलईडीपर्यंत बदलत गेला. बहुतेक वेळा कायद्याने समोर दिसणाऱ्या दिव्याला धरून नियम केले, आणि पुढच्या पिढीचा दिवा त्या नियमांच्या शब्दांबाहेर राहिला. या पाठलागाचा सर्वांत स्पष्ट आलेख अमेरिकेत सापडतो. त्याची सुरुवात मात्र लंडनच्या छपरांवर झाली.

छपरावरची अक्षरे

१८८० च्या दशकात लंडनमधील व्यापाऱ्यांनी दुकानांच्या छपरांवर उंच चौकटी उभारल्या आणि त्यांवर माणसापेक्षा मोठी अक्षरे बसवली. मागे भिंत नसल्याने ही अक्षरे थेट आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसत. त्यांच्याबद्दल दोन तक्रारी होत्या. वादळी वाऱ्यात चौकट रस्त्यावर कोसळली तर माणसे मरतील, ही पहिली. आणि शहराचे आकाश कोणा एका व्यापाऱ्याच्या मालकीचे नाही, ही दुसरी. १८९१ मध्ये ब्रिटिश संसदेने लंडनसाठी ‘स्काय साइन्स’ कायदा केला. नव्या आकाशचिन्हांना बंदी आली आणि उभ्या असलेल्यांना परवाना घेऊन मर्यादित काळ राहण्याची मुभा मिळाली.

आकाशचिन्हाची व्याख्या मोठ्या काळजीने घडवली गेली. इमारतीवर खांबाच्या वा चौकटीच्या आधाराने उभा केलेला, जाहिरातीच्या स्वरूपाचा कोणताही शब्द, अक्षर, प्रतिकृती किंवा खूण रस्त्यावरच्या कोणत्याही ठिकाणाहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसत असेल, तर ते आकाशचिन्ह. जाहिरातीसाठी उडवलेले फुगे आणि हवाई छत्र्याही तिने कवेत घेतल्या. ध्वजस्तंभ आणि वाऱ्याची दिशा दाखवणारे कोंबडे मात्र जाहिरातीला वापरले नसतील तर वगळले. वस्तू कशाची बनली आहे, यापेक्षा रस्त्यावरच्या माणसाला ती कुठे दिसते, यावर या व्याख्येचा भर होता.

१८९३ मध्ये सार्वजनिक जाहिरातींच्या अतिरेकाला आळा घालण्यासाठी ब्रिटनमध्ये एक संस्था स्थापन झाली. तिच्या प्रयत्नांतून १९०७ चा जाहिरात नियमन कायदा आला. त्याने बारा फुटांपेक्षा उंच जाहिरातफलकांवर नियम करण्याचा आणि निसर्गसौंदर्याची हानी करणाऱ्या जाहिराती रोखण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. तोवर अटलांटिकपलीकडे जाहिरात अंधारातही वाचता येऊ लागली होती.

ब्रॉडवेवरचा उजेड

एडिसनचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली सुरू झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८९२ मध्ये, मॅडिसन स्क्वेअरसमोरच्या एका हॉटेलच्या भिंतीवर १,४५७ दिव्यांची जाहिरात उजळली. लाँग आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर घरे घ्या, असे ती सांगत होती. तिच्या ओळी वेगवेगळ्या रंगांत एकामागून एक पेटत आणि विझत, त्यामुळे चौकातली माणसे थांबून पुढच्या ओळीची वाट पाहत. छापील भित्तिपत्रकाला ही किमया कधी साधली नव्हती. १९०० च्या सुमारास त्याच जागी लोणच्याच्या हाइन्झ कंपनीचा फलक आला. सुमारे बाराशे दिव्यांच्या त्या फलकावर चाळीस फुटांहून लांब हिरवी काकडी झळकत असे. पुढे त्या जागेवर फ्लॅटआयर्न इमारत उभी राहिली आणि फलकांचा ओघ ब्रॉडवेने उत्तरेकडे, नाट्यगृहांच्या दिशेने सरकला.

या धंद्याचा अग्रणी होता ओ. जे. गुड. रस्त्यावरून जाणाऱ्याला इच्छा असो वा नसो, विजेचा फलक त्याच्या नजरेत शिरतोच, हे त्याने ओळखले. वर्तमानपत्र मिटून ठेवता येते. चौकातला प्रकाश मिटता येत नाही. जाहिरातदाराच्या दृष्टीने हे त्या माध्यमाचे सर्वांत मोठे सामर्थ्य होते आणि नागरिकांच्या दृष्टीने तीच मुख्य तक्रार होती. पुढच्या सगळ्या कायदेशीर लढाया या एकाच मुद्द्याभोवती फिरत राहिल्या.

दिव्यांना हालचाल देणारे यंत्र साधे होते. मोटारीने फिरणाऱ्या दंडगोलावर धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असत. दंडगोल फिरला की त्या पट्ट्या वीजवाहक ब्रशांना ठरलेल्या क्रमाने टेकत आणि त्या क्रमाने दिव्यांचे गट पेटत व विझत. याच युक्तीने १९१० मध्ये ब्रॉडवेजवळच्या एका हॉटेलच्या छपरावर रोमन रथांची शर्यत धावू लागली. घोड्यांचे पाय, रथांची चाके, उडणारी धूळ हे सारे हजारो दिव्यांच्या उघडझापीतून दिसे.

६ नोव्हेंबर १९२८ च्या रात्री, अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल येत असताना, टाइम्स स्क्वेअरमधील टाइम्स टॉवरभोवती बातम्यांचा प्रकाशपट्टा फिरू लागला. पट्ट्यात १४,८०० बल्ब होते. आतल्या खोलीत एक कारागीर छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यासारखा कपाटासमोर बसे. बातमी आली की तो अक्षरांच्या पातळ पट्ट्या एकेक करून चौकटीत रचे. भरलेली चौकट साखळीवरून पुढे सरके, अक्षरांचे उठाव खालच्या वीजसंपर्कांना घासून जात आणि प्रत्येक संपर्काबरोबर बाहेरचा एक दिवा लागे. चौकट आत जितकी सरके, तितकी बातमी इमारतीच्या भिंतीवर पुढे धावे. आजच्या इलेक्ट्रॉनिक पडद्याचे मूळ तत्त्व या यंत्रात पुरते आलेले दिसते: फलक तोच, मजकूर हवा तेव्हा बदलता येणारा.

दरम्यान पॅरिसमध्ये जॉर्ज क्लोद याने डिसेंबर १९१० मध्ये निऑनच्या नळ्या जगाला दाखवल्या. बल्बच्या ठिपक्यांऐवजी अखंड रेषेत लिहिता येऊ लागले आणि १९२० च्या दशकात निऑन अमेरिकेभर पसरला. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमध्ये १९०८ पासून प्रकाशफलक होतेच. दुसऱ्या महायुद्धाने हा सारा उजेड विझवला. पिकॅडिली १९३९ पासून दहा वर्षे अंधारात राहिली. न्यूयॉर्कमध्ये १९४२ साली फलक मंद करण्याचे आदेश निघाले. शहराच्या उजेडापुढे किनाऱ्याजवळची जहाजे ठळक दिसत आणि जर्मन पाणबुड्यांना आयते लक्ष्य मिळे.

न्यायालयांनी दिलेला आधार

शहरांनी फलकांवर नियम करायला घेतले तेव्हा अमेरिकेतील न्यायालयांपुढे मूलभूत प्रश्न आला: केवळ दिसायला वाईट आहे म्हणून सरकार खासगी जागेतली वस्तू हटवू शकते का? सुरुवातीला उत्तर नकारार्थी होते. त्यामुळे शहरे आग, अपघात, फलकाआडची घाण आणि गुन्हेगारी अशी कारणे पुढे करत. १९१७ मध्ये शिकागोच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, निवासी भागात फलक लावण्याआधी तिथल्या मालमत्ताधारकांच्या बहुमताची संमती घ्यावी, ही अट याच आधारावर उचलून धरली. १९५४ मध्ये ‘बर्मन विरुद्ध पार्कर’ या खटल्यात भूमिका व्यापक झाली. तो खटला वॉशिंग्टनमधील पुनर्विकासाचा होता, फलकांचा नव्हता. पण शहर निरोगी असावे तसेच ते सुंदरही असावे, असे ठरवण्याचा अधिकार सरकारला आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. फलकांविरुद्धच्या पुढच्या मोहिमांना त्याचे बळ मिळाले.

महामार्ग आणि १९६५ चा कायदा

१९५६ मध्ये अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे प्रचंड काम हाती घेतले गेले. शहरातल्या चौकात जाहिरातीपुढून माणूस चालत जात असे. महामार्गावर तो ताशी शंभर किलोमीटरने जाणार होता आणि त्याचे हात सुकाणूवर असणार होते. १९५८ मध्ये संघराज्य सरकारने महामार्गालगतच्या ६६० फुटांत फलकांना आळा घालणाऱ्या राज्यांना अर्ध्या टक्क्याचे वाढीव अनुदान देऊ केले. पण अनेक राज्ये पुढे आली नाहीत.

अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या पत्नी, लेडी बर्ड जॉन्सन, यांनी रस्त्यांच्या सौंदर्याचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर नेला. २२ ऑक्टोबर १९६५ रोजी महामार्ग सौंदर्यीकरण कायद्यावर स्वाक्षरी झाली. नियम न पाळणाऱ्या राज्याचा महामार्ग निधी दहा टक्क्यांनी कापण्याची तरतूद त्यात होती. पण फलक उद्योगाने तीन महत्त्वाच्या सवलती मिळवल्या. व्यापारी आणि औद्योगिक भागांत फलकांना जागा राहिली. काढाव्या लागणाऱ्या कायदेशीर फलकांना नुकसानभरपाई देणे बंधनकारक झाले. आणि फलकांचा आकार, प्रकाश व अंतर ‘रूढ वापराला’ धरून प्रत्येक राज्याशी स्वतंत्र करार करून ठरवायचे झाले. या करारांत एक वाक्य सर्रास आले: लुकलुकणारा, अधूनमधून पेटणारा किंवा हलणारा प्रकाश चालणार नाही. करार लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर ब्रॉडवेचे बल्ब आणि निऑनचे बाण होते.

कायद्यातली पहिली फट लगेच दिसली. बंधन ६६० फुटांपर्यंतच होते, म्हणून कंपन्यांनी त्या रेषेपलीकडे शेतांत अवाढव्य फलक उभे केले. लांबून वाचता यावेत म्हणून ते आधीच्या फलकांपेक्षा कितीतरी मोठे होते. १९७४ मध्ये दुरुस्ती करून शहरांबाहेरचा त्यापलीकडचा भागही बंधनाखाली आणावा लागला. काही राज्यांनी मात्र मोजमापात न अडकता सरळ नकार दिला. हवाईने १९२७ मध्येच महामार्गांवरचे फलक बंद केले होते. व्हर्माँटने १९६८ मध्ये आणि मेनने १९७० च्या दशकात तेच केले. १९९८ मध्ये अलास्काच्या मतदारांनीही बंदीला कौल दिला. या चारही राज्यांत पुढे डिजिटल फलकांचा प्रश्न उभाच राहिला नाही.

जिथे प्रकाश सक्तीचा झाला

सगळे कायदे प्रकाश कमी करण्यासाठीच झाले असे नाही. १९८० च्या दशकात टाइम्स स्क्वेअरच्या पुनर्विकासासाठी कचेऱ्यांच्या उंच मनोऱ्यांचा आराखडा पुढे आला. त्यात जुन्या झगमगाटाला स्थान नव्हते. शहराच्या वारशासाठी काम करणाऱ्या म्युनिसिपल आर्ट सोसायटीने १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये एका शनिवारी रात्री अर्धा तास चौकातले फलक बंद करून दाखवले. काळोखात एकच फलक तेवढा पेटता ठेवला होता आणि त्यावर महापौरांना उद्देशून उजेड वाचवण्याची हाक होती. त्या अर्ध्या तासाने लोकांना पटले की या चौकाची ओळख त्याच्या इमारतींपेक्षा त्याच्या दिव्यांत आहे.

१९८७ मध्ये शहराने नियम केला की टाइम्स स्क्वेअरमधील नव्या मोठ्या इमारतींवर ठरावीक आकाराचे प्रकाशफलक असलेच पाहिजेत. ते किती तेजस्वी असावेत, हे मोजण्यासाठी खास या चौकासाठी एकक ठरवले गेले. फलक कोणत्या दिव्यांचा आहे, याला त्यात महत्त्व नव्हते. रस्त्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत किती प्रकाश पोचतो, हे मोजायचे होते. त्यामुळेच बल्ब जाऊन एलईडी आले तरी तो नियम जुना पडला नाही. प्रकाश वाढवण्यासाठी केलेल्या या नियमाने प्रकाश मोजता येतो, हेही सिद्ध केले.

आठ सेकंदांचा प्रश्न

लाल आणि हिरव्या एलईडी आधीपासून होत्या, पण निळ्याशिवाय सर्व रंग दाखवणारा पडदा बनवणे शक्य नव्हते. १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळी एलईडी तयार केली. याच शोधासाठी त्यांना इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्याबरोबर २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९९ च्या अखेरीस टाइम्स स्क्वेअरमध्ये नॅसडॅक या शेअर बाजाराचा दंडगोलाकार एलईडी मनोरा उजळला. थोड्याच वर्षांत हे तंत्र महामार्गाच्या कडेला आले.

डिजिटल फलकामागचे अर्थकारण सरळ होते. कापडी किंवा कागदी फलक एका वेळी एकाच जाहिरातदाराला विकता येतो. डिजिटल फलकावर दर आठ सेकंदांनी चित्र बदलले, तर तीच जागा एका मिनिटात सात-आठ जणांना विकता येते. वर चढून कागद चिकटवणारा माणूस लागत नाही. कचेरीत बसून मजकूर बदलता येतो. फलक महाग असला तरी उत्पन्न अनेक पटींनी वाढते.

आता १९६५ नंतरच्या करारांतल्या शब्दांचा कस लागला. दर आठ सेकंदांनी बदलणारे, पण मधल्या वेळात स्थिर असलेले चित्र ‘अधूनमधून पेटणारा प्रकाश’ ठरते का? उद्योगाचे म्हणणे होते की चित्र स्थिर आहे, फक्त बदलते. विरोधकांचे म्हणणे होते की बदल हाच अधूनमधूनपणा आहे. २५ सप्टेंबर २००७ रोजी संघराज्य महामार्ग प्रशासनाने आपल्या कार्यालयांना पत्र पाठवून उद्योगाच्या बाजूचा अर्थ मान्य केला. एक चित्र चार ते दहा सेकंद टिकावे, शक्यतो आठ. आणि बदल एक ते चार सेकंदांत व्हावा, शक्यतो एक ते दोन. असे मार्गदर्शन त्यात होते. सीनिक अमेरिका या संस्थेने २०१३ मध्ये त्याविरुद्ध दावा लावला. तो खालच्या न्यायालयात आणि २०१६ मध्ये अपिलातही टिकला नाही; २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

आठ सेकंद ही मुदत रस्त्यावर ताडून पाहिली की प्रश्न कळतो. ताशी शंभर किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्या वेळात सुमारे २२० मीटर पुढे जाते. सरळ रस्त्यावर मोठा फलक त्याहून बराच लांबून दिसतो, म्हणजे चालकाला किमान एक बदल दिसणारच, आणि माणसाची नजर बदलाकडे आपोआप वळते. चालकांच्या नजरेचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे आले नाहीत. अमेरिकी महामार्ग प्रशासनाच्या अभ्यासात धोकादायक ठरतील इतक्या दीर्घ नजरा फारशा आढळल्या नाहीत. स्टॉकहोमजवळ ४१ चालकांवर झालेल्या अभ्यासात चालक डिजिटल फलकांकडे इतर पाट्यांपेक्षा अधिक वेळ पाहतात असे दिसले. स्वीडनच्या वाहतूक प्रशासनाने प्रयोगादाखल दिलेली परवानगी मागे घेतली आणि ते फलक उतरवले.

लॉस एंजेलिस: दिलेली परवानगी परत घेताना

या काळातली सर्वांत बोधप्रद घटना लॉस एंजेलिसमध्ये घडली. २००२ मध्ये शहराने जागेशी संबंध नसलेल्या जाहिरातींचे नवे फलक लावणे आणि जुन्यांत बदल करणे बंद केले. मोठ्या फलक कंपन्यांनी शहराविरुद्ध दावे लावले. २००६ मध्ये शहराने क्लिअर चॅनल आणि सीबीएस या दोन बड्या कंपन्यांशी तडजोड केली. तिच्यानुसार त्यांना मिळून ८४० जुने फलक आधुनिक करण्याची, त्यांत डिजिटल करण्याचीही, मुभा मिळाली. ज्या वस्त्यांत हे फलक होते, तिथल्या रहिवाशांची सुनावणी झाली नाही.

पुढच्या दोन वर्षांत सुमारे शंभर फलक डिजिटल झाले. कालपर्यंत कागदी जाहिरात असलेल्या खांबावर एके दिवशी पडदा पेटला आणि आसपासच्या घरांच्या शयनगृहांत रंग बदलू लागले. आठ सेकंदांना एक या हिशेबाने तासाला ४५०, आणि दहा तासांच्या रात्रीत ४,५०० वेळा खोलीतला उजेड बदलत होता. पडदे लावूनही फटीतून येणारा प्रकाश थांबत नव्हता. रहिवासी संघटना नगर परिषदेपुढे गेल्या आणि २००८ च्या डिसेंबरात शहराने नव्या रूपांतरांना स्थगिती दिली. पण आधी पेटलेले पडदे तसेच राहिले, कारण कंपन्यांच्या हातात करार होता.

तो करार मोडला तो रहिवाशांच्या दाव्याने नव्हे. समिट मीडिया या छोट्या प्रतिस्पर्धी फलक कंपनीने, आपल्याला नाकारलेली सवलत दोघांनाच कशी मिळाली, असा सवाल न्यायालयात केला. २००९ मध्ये न्यायालयाने तडजोड बेकायदा ठरवली. डिसेंबर २०१२ मध्ये अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि त्या आधारे दिलेले परवाने रद्द करायला सांगितले. शहराला स्वतःचा क्षेत्रनियोजनाचा कायदा बदलता येतो. तो कायम ठेवून खासगी कराराने कोणाला त्यातून सूट देता येत नाही, हे निकालाचे सार होते. एप्रिल २०१३ मध्ये सत्तरहून अधिक डिजिटल फलक काळे पडले. एका तडजोडीने पेटलेले दिवे विझवायला शहराला सात वर्षे लागली.

नकार आधीच दिला तर तो टिकतो, हे पुढे ऑस्टिन शहराने दाखवले. तिथे जागेवरच्या व्यवसायाची पाटी डिजिटल करता येत होती, पण इतर जाहिरातींचे फलक डिजिटल करण्यास बंदी होती. हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे, असा कंपन्यांचा दावा होता. २१ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. फलक कुठे आहे यावरून केलेला भेद हा मजकुरावरून केलेला भेद ठरत नाही, असे बहुमताने मानले.

ताऱ्यांसाठी अंधार

अ‍ॅरिझोनात फलकांच्या वादात तिसरा पक्ष होता: खगोलशास्त्रज्ञ. फ्लॅगस्टाफ गावाशेजारी लॉवेल वेधशाळा आहे. १९३० मध्ये प्लूटोचा शोध तिथेच लागला. १९५८ मध्ये या गावाने जाहिरातीसाठी आकाशात सोडल्या जाणाऱ्या सर्चलाइटच्या झोतांवर बंदी घातली. रात्रीचे आकाश वाचवण्यासाठी झालेल्या आद्य नियमांपैकी हा एक. २००१ मध्ये हेच गाव जगातले पहिले ‘आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश नगर’ ठरले.

२०११ मध्ये याच राज्याच्या अपील न्यायालयाने फीनिक्समधील एका डिजिटल फलकाच्या खटल्यात ‘अधूनमधून’ या शब्दाचा अर्थ विरोधकांच्या बाजूने लावला. सर्व डिजिटल फलक बेकायदा ठरण्याची वेळ आली. विधिमंडळाने घाईने कायदा करून त्यांना मोकळीक दिली, पण वेधशाळांच्या हरकतीनंतर गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी त्यावर सही करण्याचे नाकारले. मग दोन्ही बाजू बसल्या आणि २०१२ मध्ये मधला मार्ग निघाला. डिजिटल फलक राज्याच्या ठरावीक पट्ट्यातच राहतील, वेधशाळांच्या परिसरात नाही. रात्रीचे तेज ३०० निटच्या (निट हे पडद्याचे तेज मोजण्याचे एकक) पुढे जाणार नाही, म्हणजे साधारण संगणकाच्या पडद्याइतकेच राहील. आणि रात्री अकरापासून सूर्योदयापर्यंत ते बंद राहतील. शब्दांच्या अर्थावरचा वाद बाजूला ठेवून जागा, तेज आणि वेळ या तीन मोजता येणाऱ्या गोष्टींवर एकमत झाले.

ब्राझीलच्या साओ पाउलो शहराने याहून कठोर वाट धरली. महापौर जिल्बेर्तो कासाब यांच्या कारकिर्दीत २००६ मध्ये झालेला ‘स्वच्छ शहर’ कायदा १ जानेवारी २००७ पासून लागू झाला आणि हजारो जाहिरातफलक उतरले.

महाराष्ट्रात आलेला शब्द

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात कलम ३२८ आकाशचिन्हांसाठी आणि कलम ३२८ अ इतर जाहिरातींसाठी आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय आकाशचिन्ह उभारता किंवा ठेवता येत नाही. राज्यातील इतर महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमात हीच जबाबदारी कलम २४४ व २४५ उचलतात. आकाशाच्या पार्श्वभूमीवर रस्त्यावरून दिसणारी अक्षरे, फुगे, हवाई छत्र्या हे सारे मुंबईच्या कलमातही आहे.

लंडनकरांना वाटलेली पहिली भीती महाराष्ट्रात वारंवार खरी ठरली आहे. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळ होर्डिंगचा लोखंडी सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला. चार जण गेले. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे पाच जणांचा बळी गेला. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरात १२० फूट लांब-रुंद फलक वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर पडला आणि सतरा माणसे मृत्युमुखी पडली. महानगरपालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. फलक होता तिच्या नऊपट क्षेत्रफळाचा. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली होती आणि पालिकेची परवानगी तिथे लागते की नाही, हाच वाद होता. हे तिन्ही फलक विजेचे पडदे नव्हते. पण जे नियम साध्या सांगाड्याबाबत पाळले गेले नाहीत, त्यांच्यावरच आता त्याहून जड पडदे आणि रात्रभर बदलणारा उजेड सांभाळण्याची जबाबदारी येत आहे. घाटकोपरनंतर मुंबईने जाहिरात धोरण नव्याने आखताना डिजिटल फलकांची चमक आणि लुकलुकणे यांचाही विचार हाती घेतला.

या सव्वा शतकाचा हिशेब मांडला तर कोणते नियम टिकले, ते स्पष्ट दिसते. दिव्याचे वर्णन करणारे नियम, म्हणजे ‘लुकलुकणारा’, ‘हलणारा’, ‘अधूनमधून पेटणारा’, दिवा बदलताच वादात सापडले. पाहणाऱ्याच्या जागेवरून लिहिलेले नियम मात्र जुने झाले नाहीत. १८९१ च्या व्याख्येने रस्त्यावरच्या माणसाला आकाशात काय दिसते ते विचारले, म्हणून छपरावरचा एलईडी पडदा आजही तिच्यात बसतो. टाइम्स स्क्वेअरचा नियम डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाश मोजतो, अ‍ॅरिझोनाचा रात्रीचे तेज आणि घड्याळ. आकाशचिन्हाच्या जुन्या व्याख्येत तेज आणि वेळ यांना जागा नाही, कारण ती घडली तेव्हा छपरावरच्या अक्षरांना सूर्याचाच उजेड होता. फलक पडून माणूस मरू नये, उजेडाने चालकाची नजर हलू नये आणि शेजारच्या घरातली झोप मोडू नये, या तीन गोष्टी मोजून लिहिल्या, तर पुढचा दिवा कोणताही आला तरी कायदा त्याच्यापर्यंत पोचतो.